हिरामणकाकांची नजर

हिरामणकाका गाडीत बसले की आधी सीटबेल्ट ओढायचे. लावण्यासाठी नाही. पट्टा जिथे संपतो तिथपर्यंत तो सगळा बाहेर काढायचे आणि शेवटचा वीतभर भाग नाकाशी धरून डोळे मिटून वास घ्यायचे. गाडी विकणारा बाजूला उभा असायचा, त्याला हा म्हातारा काय करतोय ते कळायचं नाही. काका पट्टा सोडून द्यायचे, तो सरसर आत जायचा, आणि मग ते खाली वाकून सीटखालच्या पट्टीचे स्क्रू गंजलेत का ते बघायला लागायचे.

"गारी धुतात, सीटा बदलतात, सेंट मारतात," ते सांगायचे. "पन पट्ट्याचा शेवट कोनी धुत नाय. पानी आलेला आसंल तं थय लपून बसतंय."

गाडीला ते 'गारी'च म्हणायचे. रबाळ्याच्या जुन्या गावातले ते आगरी. तिथेच त्यांचं तीन मजली घर होतं. तळमजल्यावर ते आणि काकी राहायचे आणि वरच्या खोल्यांमध्ये आमच्यासारखे भाडेकरू. एमआयडीसीतल्या एका गॅरेजमध्ये त्यांनी डेंटिंग-पेंटिंगचं काम केलं होतं, किती वर्षं ते त्यांनाही नीट आठवत नसे. काम सुटल्यावर लोक त्यांना जुन्या गाड्या बघायला न्यायला लागले. आमच्या गल्लीत, शेजारच्या चाळींमध्ये, पार ऐरोलीपर्यंत कुणी सेकंडहँड गाडी घ्यायची ठरवली की आधी हिरामणकाकांच्या ओट्यावर यायचा.

त्यांचे काही नियम होते. गाडी ते सकाळच्या उजेडातच बघायचे. पोहोचल्यावर आधी बोनेटवर तळहात ठेवायचे, आणि बोनेट कोमट लागलं तर काही न बोलता परत फिरायचे. आपण येण्याआधी मालकाने इंजिन चालू केलं म्हणजे पहिल्या स्टार्टचा आवाज त्याला ऐकू द्यायचा नव्हता, हा त्यांचा हिशेब. "गारी झोपेतून उठते तवा खरी बोलते," असं ते म्हणायचे. कागदपत्रांत पहिल्या मालकाचं गाव कोणतं ते विचारायचे, आणि जमलंच तर त्याचा फोन नंबर मिळवून त्याच्याशी बोलायचे.

या कामाचे ते पैसे घेत नसत. पण गाडी पसंत पडली, घरी आली, की पूजेचा नारळ त्यांच्या हातून फुटायचा. हे कधी कुणी ठरवलं माहीत नाही. गाडी पसंत नसेल आणि तरी कुणी घेतली, तर काका पूजेला यायचे, हळदकुंकू वाहायचे, पेढा घ्यायचे, पण नारळाला हात लावायचे नाहीत. त्यामुळे आमच्याकडे गाडी कशी आहे असं कुणी विचारत नसे. नारळ कुणी फोडला, असं विचारायचे.

मी हे सगळं लहानपणापासून बघितलेलं आहे. म्हणून पुढे मी जे केलं ते नकळत केलं, असं मला म्हणता येत नाही.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. बाबा वाशीच्या मार्केटमध्ये पोती उचलायचे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. कॉलेजच्या प्रवेशाचा फॉर्म भरायला बाबांना जमेना, तेव्हा हिरामणकाका माझ्याबरोबर आले होते. त्यांनाही फॉर्ममधलं काही कळत नव्हतं. खिडकीपाशी ते फक्त माझ्या मागे उभे राहिले, पांढराशुभ्र शर्ट घालून, आणि कारकून माझ्यावर वैतागला तेव्हा म्हणाले, "साहेब, पोरगा पयलाच हाय. जरा दमानं." त्या दिवसापासून ते मला नावाने हाक मारेनासे झाले. "काय कालेज, काय शिकवलं आज?" असं विचारायचे. मी सांगायचो. ते खरंच ऐकायचे.

दुसऱ्या वर्षाला गेल्यावर मी कमी सांगायला लागलो. वर्गातली मुलं शुद्ध बोलायची, मीही तसं बोलायला शिकत होतो. एकदा मित्र घरी आले असताना काका ओट्यावरून त्यांच्याशी बोलायला लागले, तर मी मित्रांना घाईघाईने वर घेऊन गेलो. ते त्यांच्या लक्षात आलं असणार. त्यांची नजर तशी होती.

त्याच वर्षी बाबांची पाठ गेली. डॉक्टरांनी ओझं उचलायला बंदी केली. बाबांनी ठरवलं की एक जुनी व्हॅन घ्यायची, पहाटे मार्केटमधून भाजी भरायची आणि ऐरोलीच्या सोसायट्यांमध्ये विकायची. हातात जे होतं ते सगळं त्या व्हॅनमध्ये जाणार होतं. "गाडी तू शोध," बाबा मला म्हणाले. "तुला त्या मोबाइलमधलं समजतं."

मी शोधली. ऐरोलीतल्या एका तरुणाकडे पांढरी व्हॅन होती. आतून चकाचक, नवी सीटकव्हरं. नंबरप्लेट कोल्हापूरची, कारण पहिला मालक तिकडचा. मी नेटवर गाडीचा नंबर टाकून तिचा इतिहास काढला. अपघात नाही, विम्याचा एकही क्लेम नाही, चलन बाकी नाही, कर्ज नाही. मी त्याची प्रिंट काढली आणि प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातली. असा कागद आमच्या घरात याआधी कुणी आणला नव्हता.

बाबांनी हिरामणकाकांनाही बरोबर घेतलं. काकांनी बोनेटवर हात ठेवला, ते गार होतं. इंजिनचा आवाज ऐकला, मान हलवली. मग आत बसून पट्टा ओढला. वास घेतला, पुन्हा घेतला, आणि मला खुणेने जवळ बोलावलं.

"घे. तू पन वास घे."

पट्ट्याच्या टोकाला एक मातकट रेघ होती. मी ती पाहिली. पण तो तरुण मालक शेजारीच उभा होता, हातात लॅपटॉपची बॅग, आणि आमच्याकडे बघून किंचित हसत होता. मला गाडीच्या पट्ट्याला नाक लावायची लाज वाटली.

"काका, वासाने काय कळणार," मी म्हणालो. "रिपोर्ट काढलाय ना मी. एकदम क्लीन आहे."

"यो कागद कोनी लिवला?"

"कंपनीचा असतो. सगळी सरकारी माहिती असते त्यात."

"ज्यानं इमा कंपनीला सांगलंच नाय, त्याचं कागदावर कसं येल?" काका शांतपणे म्हणाले. "गारी कोल्लापूरशी आली. तिकरं पूर येतो. तू एक फोन लाव पयल्या मालकाला. त्याला नुसता इचार, पानी कुठवर आलेला."

तो तरुण बाबांकडे वळून म्हणाला, "अहो, आता असं कोण फोन करतं? तुमचा मुलगा शिकलेला आहे, त्याला कळतंय."

बाबांनी एकदा काकांकडे बघितलं, एकदा माझ्या फोल्डरकडे. त्यांनी आयुष्यभर पोती उचलली ती मला असा कागद आणता यावा म्हणून, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं. ते म्हणाले, "हिरामणदादा, पोरगं बघून बोलतंय. घेऊया म्हणतो."

"घे," काका म्हणाले. "तुजी गारी हाय."

रागावले नाहीत. परतीच्या वाटेवर रिक्षात मला कॉलेजबद्दल काही विचारलंही नाही.

पूजेच्या दिवशी काका आले; बाकी आम्ही घरचेच होतो. व्हॅनला हार घातला होता, चाकांखाली लिंबं ठेवली होती. बाबांनी सवयीने नारळ काकांच्या हातात दिला. काकांनी तो घेतला, क्षणभर धरला आणि परत बाबांच्या हातात ठेवला. "तू फोर. तुज्या कष्टाची हाय." बाबांनी नारळ फोडला. मी मोबाइलवर फोटो काढत होतो. त्या एका क्षणाचाही फोटो निघाला होता. व्हॅनच्या पुढे हिरामणकाका उभे, हातात शेंडीचा नारळ.

व्हॅन चार महिने कशीबशी चालली. आधी एका बाजूचे दिवे गेले, मग हॉर्न आपोआप वाजायला लागला, मग ती भर रस्त्यात बंद पडायला लागली. मेकॅनिकने डॅशबोर्ड उघडून मला आत बघायला सांगितलं. वायरींच्या मागे वाळलेला गाळ होता. "ही पाण्यात बुडालेली गाडी आहे," तो म्हणाला. "वायरिंग असंच जात राहणार. पेटही घेऊ शकते."

"इकून टाक," बाबा म्हणाले. "पण घेणाऱ्याला हाय ते सांग. कमी येतील तर येऊ देत."

मी हो म्हणालो.

घ्यायला आल्या त्या जाधवकाकू. त्या गल्लीच्या टोकाला राहायच्या आणि ऐरोलीच्या ऑफिसांमध्ये जेवणाचे डबे पुरवायच्या. स्कूटरवरून डबे न्यायला पुरेनात म्हणून त्यांना व्हॅन हवी होती. बाबा मार्केटला गेले होते. हिरामणकाका त्या आठवड्यात मुलीकडे उरणला गेले होते. ते परत यायच्या आत व्यवहार उरकावा, असं मला वाटत होतं. हे मी आज लिहितोय, पण तेव्हाही मला ते नीट माहीत होतं.

काकूंनी व्हॅनभोवती एक चक्कर मारली. "मला यातलं काय कळत नाही रे अक्षय," त्या म्हणाल्या. "एवढंच सांग, नारळ कुणी फोडला होता?"

मी मोबाइल काढला आणि तो फोटो त्यांच्यासमोर धरला.

"मग झालं तर," काकू म्हणाल्या. "मग मी काय बघायचंय."

आपण खोटं बोललो नाही, फक्त फोटो दाखवला, असं मी नंतर कितीतरी दिवस स्वतःला सांगत होतो. मी हे का केलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. किंमत हे कारण होतंच. पण खरं सांगितलं असतं तर आमच्या घरातला पहिला शिकलेला माणूस एका कागदाला फसला, हे गल्लीत सगळ्यांना कळलं असतं. ते मला नको होतं.

काका उरणहून आले तेव्हा व्हॅन दारात नव्हती. "कोनाला दिली?"

"जाधवकाकूंना."

"पान्याचं सांगलंस ना तिला?"

मी मान हलवली. तोंडाने हो म्हणायची हिंमत झाली नाही, म्हणून मान हलवली.

महिनाभरात ती व्हॅन डब्यांसकट ऐरोलीच्या रस्त्यावर बंद पडली. डॅशबोर्डमधून धूर निघाला. काकू आणि त्यांच्याबरोबरची बाई कशाबशा बाहेर पडल्या. त्या दिवशी डबे पोहोचले नाहीत, आणि असं पुन्हा दोनदा झाल्यावर एका मोठ्या ऑफिसने काकूंचं काम बंद केलं. त्या सकाळी त्या तडक हिरामणकाकांच्या अंगणात आल्या. मी वर गॅलरीत शर्ट वाळत घालत होतो.

"काका, तुमच्या नारळावर घेतली मी ती गाडी," काकू म्हणाल्या.

"माज्या नारलावर?"

"अक्षयनं फोटो दाखवला. तुम्ही नारळ घेऊन उभे. म्हणून मी दुसऱ्या कुणाला बोलावलं नाही."

काकांनी वर बघितलं. मी गॅलरीत ओला शर्ट धरून उभा होतो. मला आत जाता आलं असतं, खाली येता आलं असतं. मी दोन्ही केलं नाही.

काकांनी मान खाली केली. "हां काकू," ते म्हणाले. "मीच बगलेली ती गारी. चुकली माजी नजर. वय झालं."

काकू रडायच्या बेतात होत्या. "वय झालं तर नारळ कशाला फोडता काका? आमच्यासारख्यांनी कुणाच्या भरवशावर घ्यायचं?"

काकांनी हात जोडले. ज्या माणसाला मी कधी कुणापुढे हात जोडताना पाहिलं नव्हतं, त्याने माझ्यासाठी जोडले, आणि मी वरून बघत राहिलो.

दोन दिवसांनी मी खाली गेलो. काका आपली जुनी स्कूटर पुसत होते.

"काका, तुम्ही असं का म्हणालात?"

ते पुसत राहिले. "तुज्यासाठी नाय बोललू," थोड्या वेळाने म्हणाले. "तुजा बाप मारकेटात पन्नास मानसांत वावरतो. उद्या कोनी त्याला बोललं असतं, तुज्या पोरानं बाईला फसवलं, तं त्यानं काय करावं?" मग फडकं पिळत म्हणाले, "आन माजी पन थोरी चूक हायच. तुला पट्टा दिलेला वास घेयाला. तू नाय घेतलास. तवा मी तुज्या नाकावर धराला पायजे व्हता. मी मनात बोललू, शिकलेला पोर हाय, त्याला चारचौघांत कशाला बोला."

त्यांनी फडकं स्कूटरवर टाकलं.

"आता तू जा ना काकूला सांग. तुज्या तोंडानं. मी नाय सांगनार."

"हो काका. परीक्षा झाली की सांगतो."

"परीक्षा," काका म्हणाले, आणि पुन्हा स्कूटर पुसायला लागले.

परीक्षा झाली. मग निकालाची वाट बघायची होती. मग तिसरं वर्ष सुरू झालं. मी काकूंच्या दारावरून जायचं टाळायला लागलो, स्टेशनला लांबच्या रस्त्याने जायचो. गल्लीत बातमी पसरली होती की हिरामणकाकांची नजर गेली. ते आमच्या व्हॅनवरून, हे बाबांच्या कानावर कुणी घातलं नाही, मीही नाही. हळूहळू त्यांना कुणी बोलवेनासं झालं. तरी ते रोज सकाळी आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून ओट्यावर बसायचे. कुणी नवीन-जुनी गाडी आणली की लांबून तिच्याकडे बघायचे. एकदा समोरच्या चाळीत एक लाल गाडी आली, पूजा झाली, नारळ फुटल्याचा आवाज आला. काका उठून आत गेले. मला बघून हसले, पण मला 'कालेज' म्हणाले नाहीत. ते मला आता अक्षय म्हणायला लागले होते.

थंडीत एका दुपारी, जेवून आडवे झाले असताना, ते गेले. मी तेव्हा वर्गात होतो.

बाराव्याला अंगणात मांडव घातला होता. बाबा वाढायला होते, मी पाण्याचा जग घेऊन फिरत होतो. जाधवकाकू भाजीची पातेली घेऊन आल्या होत्या. त्यांनी कुणाकडून पैसे घेतले नव्हते. ओट्यावर काकांबरोबर गॅरेजमध्ये काम केलेले धर्माकाका बसले होते. ते बोलत होते, "मानूस सोन्यासारखा. शेवटाला तेवरी नजर गेली त्याची." आणि जाधवकाकू म्हणाल्या, "जाऊ दे आता. माझ्या मनात काही नाही. म्हातारपणी होतं असं कुणाचंही."

काकूंनी काकांना माफ केलं होतं. ते मला सहन झालं नाही.

"काकू," मी म्हणालो. माझा आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "त्यांची नजर गेली नव्हती. त्यांना ती गाडी पसंतच नव्हती. आम्ही घेतली. नारळ त्यांनी फोडला नव्हता, नुसता हातात धरला होता. मी मुद्दाम तोच फोटो दाखवला. गाडीत पाणी गेलेलं मला माहीत होतं."

पंगतीतले हात थांबले. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. "आणि ते मला म्हणाले की नजर चुकली," त्या हळूच म्हणाल्या. "मी काय काय बोलले त्यांना."

धर्माकाकांनी ओट्यावर हात टेकला.

"माज्या नातवानं दिवालीला गारी घेतली," मग ते म्हणाले. "हिरामन यो इथंच बसलेला. मी त्याच्या समोरशी गेलू ना दुसऱ्याला घेऊन गेलू गारी बगायला. त्यानं इचारलं पन नाय, धर्मा, कोनाला नेतंस म्हून." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तू आमाला आज सांगतंस. आमी आता कोनाला सांगावं?"

बाबा वाढणं थांबवून माझ्याजवळ आले. मला वाटलं ते मारतील, आणि त्यांनी मारावं असं मला वाटतही होतं. त्यांनी माझ्या हातातला पाण्याचा जग काढून घेतला आणि उरलेल्या पंगतीला त्यांनी एकट्यानेच पाणी वाढलं.